पंजाबी ड्रेस, पहिली फुल पँट आणि ‘नव्वदच्या पिढी’चा अपुरा अल्बम

१/
‘नव्वदच्या दशकातील मुले’ या नावाने समाजमाध्यमांवर सध्या एक अल्बम फिरतो आहे. त्यात ‘मैंने प्यार किया’मधील ‘फ्रेंड’ अक्षरांची टोपी असते, ‘हम आपके हैं कौन’मधील माधुरीची जांभळी साडी असते, ‘कुछ कुछ होता है’मधील ‘कूल’ लिहिलेली साखळी असते आणि मैत्रीदिनाचे रंगीत पट्टे असतात. खाली शेकडो लोक ‘काय दिवस होते ते’ असे लिहितात. आठवणी म्हणून हे सारे ठीक. परंतु हाच अल्बम ‘त्या काळी तरुण मुले काय घालत’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे केला जातो, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थिनीला गप्प बसणे अवघड होते. बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर हे उत्तर चुकीचे आहे.

२/
माझे म्हणणे आरंभीच सांगते. १९९० ते २००० या दहा वर्षांत बीड जिल्ह्यातील किशोरवयीनांच्या पेहरावात झालेला सर्वांत मोठा बदल टोपीचा नव्हता, जीन्सचाही नव्हता. तो मुलींच्या सलवार-कमीजचा, म्हणजे आपल्या भाषेत ‘पंजाबी ड्रेस’चा होता. हा बदल पडद्यावरून उतरला असे म्हणणे सोपे आहे. तो शाळेच्या वर्गात, एसटीच्या पायरीवर आणि शिंप्याच्या मशीनवर घडला. आणि ज्या मुलींना तो कधी मिळालाच नाही, त्यांना वगळून लिहिलेला त्या दशकाचा इतिहास मला मान्य नाही.

३/
आधी पडद्याचा हिशेब करू. ‘केबल आले आणि कपडे बदलले’ हे वाक्य इतक्यांदा लिहिले गेले आहे की त्याचा पुरावा कोणी मागतच नाही. झी वाहिनी सुरू झाली २ ऑक्टोबर १९९२ रोजी. आता त्या दशकाच्या शेवटाकडे या. २००१ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भारतातील शंभर घरांपैकी सुमारे १९ घरांतच दूरचित्रवाणी संच होता. हा संचाचा आकडा आहे, केबलजोडणीचा नव्हे. बीड जिल्ह्यातील पाचांपैकी चार माणसे तेव्हा खेड्यांत राहत होती. त्यात भारनियमन. रात्री ऐन मालिकेच्या वेळी वीज जाणे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

४/
यावर उत्तर ठरलेले आहे : एका संचापुढे अर्धी गल्ली बसत असे, जत्रेत टुरिंग टॉकीज येत असे, तालुक्याला चित्रगृह होते. सारे खरे. चित्रपट पाहिले जात होते आणि त्यांतील कपडे मुलामुलींच्या मनात भरत होते, हे कोणीच नाकारत नाही. पण डोळ्यांना आवडणे आणि अंगावर येणे यांच्यामध्ये तीन माणसे उभी असतात : पैसे देणारा, शिवणारा आणि परवानगी देणारी. (घरात परवानगी बहुधा आजी देत असे. वडिलांना तसे वाटत नसे, ही गोष्ट वेगळी.) चित्रपटाचा इतिहास या तिघांपैकी एकाविषयीही काही सांगत नाही.

५/
त्याआधीचे चित्र काय होते? बीड-केज-धारूर पट्ट्यातील एखाद्या शेतकरी घरातील मुलगी लहानपणी झबले आणि फ्रॉक, थोडी मोठी झाल्यावर परकर-पोलके आणि त्यानंतर थेट साडी, असा प्रवास करीत असे. परकर आणि साडी यांच्यामध्ये काही नव्हते. साडी नेसली की ती ‘मोठी’ झाली, आणि मोठी झाली की स्थळे पाहायला सुरुवात. मुलाचे वेगळे. त्याची हाफ पँट सातवी-आठवीपर्यंत चाले आणि मग एका दिवाळीत फुल पँट येई. त्या फुल पँटचा अर्थ लग्न असा नव्हता. त्याला काही वर्षे नुसतेच तरुण असण्याची मुभा होती. बहिणीला ती नव्हती.

६/
म्हणून ‘किशोरवयीनांची फॅशन’ हा शब्दप्रयोग करण्यापूर्वी क्षणभर थांबले पाहिजे. ‘टीनएजर’ हा शब्द अमेरिकेत १९४० च्या दशकात रुळला. शाळा लांबली आणि कमावण्याआधीची काही वर्षे मोकळी झाली, म्हणून त्या वयाला वेगळ्या नावाची गरज पडली. आपल्याकडे बोलीत ‘लहान पोर’ आणि ‘लग्नाला आलेली पोर’ एवढीच विभागणी होती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले, पण तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १८ वर्षांची अट आली ती १९७८ च्या दुरुस्तीने. कागदावर.

७/
प्रत्यक्षात बालपण आणि लग्न यांच्यामधली फट रुंदावली ती शाळेमुळे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास महाराष्ट्र शासनाने मुलींचे बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत केले. माध्यमिक शाळा मोठ्या गावांत निघू लागल्या. १९९४ मध्ये राज्याचे पहिले महिला धोरण आले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ग्रामीण विद्यार्थिनींसाठी एसटीच्या मोफत प्रवासाची योजना आली. तरीही गावात सातवीपर्यंत शाळा आणि पुढची शाळा पाच-सात किलोमीटरांवर, ही स्थिती सर्रास होती. जिल्ह्याच्या ठिकाणी, खुद्द बीडला, त्या दशकात रेल्वे नव्हती. परळीकडचा मार्ग सोडला तर सारी भिस्त एसटीवर.

८/
आता या मुलीच्या जागी उभे राहून विचार करा. वय चौदा. घरापासून फाट्यापर्यंत चालायचे, तुडुंब भरलेल्या एसटीत चढायचे, कधी दांड्याला धरून उभे राहायचे, उतरून पुन्हा चालायचे. काही जणींना सायकल. परकर आता आखूड दिसतो आणि घरच्यांना तो नको आहे. साडीत सायकल चालवणे कठीण, आणि साडी नेसली की गावभर एकच प्रश्न : कधी उरकताय? स्कर्टला आजीची परवानगी नाही. मग उरले काय?

९/
उरला पंजाबी ड्रेस. घोट्यापर्यंत अंग झाकणारा, वर ओढणी असलेला, म्हणून घरच्यांना चालणारा. पाय मोकळे ठेवणारा, म्हणून मुलीला चालणारा. तो घातलेल्या मुलीकडे पाहून ती ‘लहान’ आहे असेही म्हणता येत नव्हते आणि ‘लग्नाला आली’ असेही म्हणता येत नव्हते. तिच्या वयाला प्रथमच स्वतःचा असा कपडा मिळाला. मला या बदलात फॅशनपेक्षा एक तडजोड दिसते, आणि ती तडजोड मुलींनी, आयांनी आणि शिक्षिकांनी मिळून घडवून आणलेली आहे. वडिलांना ‘हो’ म्हणता येईल असा कपडा त्यांनी शोधून काढला. ‘माधुरीने घातला म्हणून’ असे म्हटले की या सगळ्यांचे कर्तृत्व पुसले जाते.

१०/
ही तडजोड किती पक्की झाली, याचा पुरावा गणवेशात आहे. दशकाच्या आरंभी जो ड्रेस महाविद्यालयातील धिटाईची खूण मानला जाई, तोच पाहता पाहता कित्येक माध्यमिक शाळांमध्ये वरच्या वर्गांचा गणवेश झाला : निळे कमीज, पांढरी सलवार, पांढरी ओढणी. ओढणीची चौपदरी घडी, समोर इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार आणि दोन्ही खांद्यांवर पिना. पिना का? ओढणी सावरण्यात हात अडकू नये म्हणून, आणि ती घसरली तर बोलणी बसू नयेत म्हणूनही. दोन वेण्या, वर बांधलेल्या लाल फिती. हे रूप कोणत्याही नायिकेचे नव्हते. ते सर्वस्वी आपल्या शाळांचे होते, आणि त्या दशकातील मुलीचे प्रातिनिधिक छायाचित्र निवडायचे तर मी हे निवडीन.

११/
आता नावाकडे वळू, कारण खरा वाद तेथे आहे. आपण याला ‘पंजाबी’ का म्हणतो?

१२/
बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी, धारूर या गावांतील मुस्लिम वस्ती शतकांची आहे. या वस्तीतील मुली सलवार-कमीज आणि ओढणी पिढ्यान्‌पिढ्या वापरीत होत्या. तीच गल्ली, तोच आड, तोच आठवडी बाजार. त्यांचे कपडे शिवणारा आणि आपले शिवणारा कारागीर कित्येकदा एकच. आणि तरीही हा कपडा आपल्या घरी आला तेव्हा आपण त्याला शेजारणीच्या नावाने ओळखले नाही. हजार-पंधराशे किलोमीटरांवरील प्रांताचे नाव दिले.

१३/
नव्वदमधील विशिष्ट शिवण, गळ्याचे आकार, कळ्यांचे किंवा चुडीदार प्रकार हे मुंबई-दिल्लीच्या बाजारांतून आणि हिंदी चित्रपटांतून आले, हे मान्य. ‘पंजाबी’ हे नाव मराठी शहरांत आधीच रुळलेले होते आणि ते तयार स्वरूपातच आपल्याकडे पोचले, हेही मान्य. पण नाव तयार मिळाले म्हणून ते निरागस ठरत नाही. ६ डिसेंबर १९९२ नंतरच्या त्या वर्षांत एकाच आकाराचा कपडा एका मुलीच्या अंगावर ‘मॉडर्न’ ठरत होता आणि तिच्या वर्गमैत्रिणीच्या अंगावर ‘त्यांच्यातला’. मराठवाड्याच्या पेहरावाचा इतिहास लिहिणाऱ्याने या नावापाशी अडखळले पाहिजे. आपले बहुतेक लेखक अडखळत नाहीत. ते ‘पंजाबी ड्रेसची लाट आली’ असे लिहून पुढे जातात, जणू लाट येण्यापूर्वी येथे किनाराच नव्हता.

१४/
दुसरा पक्ष संस्कृतिरक्षकांचा. त्यांच्या मते नव्वदमध्ये मुलींनी ‘आपला’ पेहराव सोडला. कोणता आपला? नऊवारी लुगडे सोडून सहावारी गोल साडी नेसणाऱ्या स्त्रियांनाही एकेकाळी हेच ऐकावे लागले होते. पुरुषांचे तर विचारूच नका. हैदराबाद संस्थानाच्या काळात येथील प्रतिष्ठितांच्या अंगावर शेरवानी आणि डोक्यावर रूमी टोपी दिसे. १९४८ नंतर गांधी टोपी आली. पुढे धोतर जाऊन पायजमा, पायजमा जाऊन टेरीकॉटची पँट आली. आजोबांनी तीन राजवटींत तीन पेहराव पालटले, त्याला कोणी संस्कृतीचा ऱ्हास म्हटले नाही. नातीने ओढणी घेतली आणि संस्कृती आठवली.

१५/
गंमत पुढे आहे. आज जीन्सला विरोध करणारे हेच लोक सलवार-कमीजला ‘सोज्वळ’, ‘घरंदाज’ म्हणतात. तीस वर्षांपूर्वी याच कपड्यावरून घराघरांत भांडणे झाली होती, हे त्यांना ठाऊक नाही किंवा ठाऊक असून सोयीचे नाही. आणि लग्न झाल्यावर तो ड्रेस ट्रंकेत जाई. सुनेने साडीच नेसायची. म्हणजे ज्या मोकळ्या वर्षांसाठी तो कपडा घडला, ती वर्षे संपली की कपडाही संपे. (सुनेला घरात पुढे ‘गाऊन’ मिळाला. मराठी घरातील गाऊनचा इतिहास हा स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे. तो मी कधीतरी नक्की लिहिणार.)

१६/
आता शिंप्याविषयी. संत नामदेवांच्या या व्यवसायाला आपल्या सामाजिक इतिहासात जेवढी जागा मिळायला हवी तेवढी कधीच मिळाली नाही. नव्वदच्या आरंभी तालुक्याच्या गावीही तयार कपडे ही बहुतेकांसाठी लहान मुलांची किंवा लग्नसराईची गोष्ट होती. कपडे वर्षातून एकदा, दिवाळीला, फार तर जूनमध्ये शाळेसाठी. वडील एकाच ताग्यातून कापड फाडून आणीत आणि सगळ्या भावंडांचे शर्ट त्याच कापडाचे होत. उरलेल्या तुकड्यात धाकटीचा फ्रॉक. माप घेताना वडिलांची एकच सूचना : वाढत्या अंगाचे शिवा. पँटीच्या आत दुमडून ठेवलेली पट्टी दरवर्षी उसवून खाली सोडायची आणि जुन्या दुमडीची फिकट रेघ पोटरीवर मिरवायची. ‘ढगळ कपड्यांची फॅशन होती’ असे आजचे लोक त्या छायाचित्रांकडे पाहून म्हणतात. अर्धी फॅशन, अर्धी काटकसर.

१७/
फॅशनचे भाषांतर करणारा माणूस हाच. मुलगा कॅसेटच्या वेष्टनावरील किंवा वर्तमानपत्रातील नटाचे चित्र घेऊन येई; शिंपी समोरचे कापड, वडिलांचे बजेट आणि चित्र यांचा मेळ घाली. चुण्यांची बॅगी पँट अशीच गावोगाव झाली. मुलींच्या ड्रेसच्या गळ्यांचे नमुने तर शिवणकाम शिकलेल्या बायांनी घरातल्या मशीनवर बसवले. गल्लीतील एका बाईने ‘पानगळा’ काढला की त्या वर्षी सगळ्या गल्लीचा पानगळा. मुंबईत त्याच वर्षी काय चालले होते याच्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

१८/
‘उदारीकरण झाले, ब्रँड आले, जीन्स आली’ ही कथाही या ठिकाणी कोसळते. १९९५ मध्ये अहमदाबादच्या अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ या नावाने जे विकायला काढले, ती शिवलेली जीन्स नव्हतीच. ते पुडके होते : डेनिमचे कापड, चेन, रिव्हेट आणि मागे लावायचा बिल्ला. दोनशे रुपयांच्या आत मिळणारे ते पुडके लहान गावांतील हजारो शिंप्यांमार्फत विकले गेले. तयार जीन्सची किंमत त्याच्या कित्येक पट होती. एवढ्या मोठ्या गिरणीला कळले की निमशहरी हिंदुस्थानात जीन्स पोचवायची तर दुकानातून पोचणार नाही, शिंप्याच्या ओट्यावरून पोचेल. गिरणीला जे १९९५ मध्ये कळले ते आपल्या आठवणी लिहिणाऱ्यांना अजून कळलेले नाही.

१९/
कापडाचेही असेच. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खिळखिळ्या झाल्या. यंत्रमागांचे माल, भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीचे आणि सुरतेचे कृत्रिम धाग्याचे, बाजारात पसरले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने सूत आणि कृत्रिम धागा यांच्यातील सरकारी भेदभाव कमी केला. परिणाम असा की चमकदार, न विटणारे, स्वस्त कापड आठवडी बाजारात आले. आज टेरीकॉट-पॉलिस्टरची चेष्टा करणे सोपे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, जेथे उन्हाळ्यात धुणे म्हणजे कोसभर पायपीट, तेथे थोड्या पाण्यात निघणारे, तासाभरात वाळणारे आणि इस्त्रीशिवाय शाळेत घालता येणारे कापड ही अभिरुचीची घसरण नव्हती. एकुलता एक गणवेश रात्री धुऊन सकाळी घालणाऱ्या मुलीला सुती कापडाचे सौंदर्य समजावण्याची हिंमत मला होणार नाही.

२०/
आणखी एक गोष्ट, जी फॅशनच्या यादीत कधीच येत नाही. कोणी काय घालायचे हे आपल्याकडे जातीनेही ठरवलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्यात अस्पृश्यतेची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्यायला सांगितले. मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर १९७८ मध्ये वस्त्या जळल्या आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या वर्षी कॉलेजात पहिल्या पिढीने पाऊल टाकणारा, कडक इस्त्रीचा शर्ट आत खोचून, पायांत बूट घालून गावातून चालत जाणारा दलित मुलगा ‘ट्रेंड’ पाळत होता असे म्हणणे फारच तोकडे आहे. त्याच्या बुटांकडे पाहणारे त्यात रुबाब पाहत होते आणि काहींना तो खुपत होता. कपड्याचा इतिहास लिहिताना या नजरेचाही लिहिला पाहिजे.

२१/
कोणी म्हणेल, तू सगळ्याचे समाजशास्त्र करून टाकलेस. मुले हौसेनेही नटत होती की. होती, आणि त्याचा मला आनंदच आहे. मधोमध भांग पाडलेले केस, संजय दत्तसारखे मानेवर रुळणारे केस आणि त्यावरून मास्तरांनी काढलेली कात्री, दहावी पास झाल्याबद्दल मिळालेले एचएमटीचे घड्याळ, यात्रेतील दहा रुपयांचा गॉगल, ड्रेसला जुळणाऱ्या टिकल्या आणि बांगड्या. हौस होतीच. परंतु हौसेला वर्षे लागतात. शाळा आणि संसार यांच्यामध्ये उरलेली थोडी वर्षे. ती सर्वांना मिळाली का, हा माझा प्रश्न आहे.

२२/
बीड जिल्ह्याविषयी बोलताना ऊसतोडीला टाळून बोलता येत नाही. दसरा-दिवाळी उलटली की पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी या भागांतून टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे. परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. नव्वदमध्येही हेच होते. ज्या दिवाळीला इतर मुलांचे नवे कपडे होत, तीच दिवाळी यांच्या निघण्याची तयारी. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून धान्य, मीठ-मिरची, आणि उरले तर कापड. दहावी-बारावीचे महत्त्वाचे महिने फडात जात. शाळेचा गणवेशच अर्धे वर्ष निरुपयोगी.

२३/
फडातील पेहराव वेगळा असतो. उसाचे पाचट अंग कापते. म्हणून बाया साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालतात आणि डोक्याला फडके गुंडाळतात. आईबरोबर मोळ्या बांधणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या अंगावरही असाच शर्ट : बापाचा किंवा भावाचा, कोपर विरलेला, खांदे हाताच्या मध्यापर्यंत उतरलेले. त्या दशकातील किशोरवयीन मुलीचा हाही एक पेहराव आहे. त्याचे छायाचित्र कोणत्याही अल्बमात नाही, कारण स्टुडिओत जाऊन काढून घ्यावा असा तो पेहराव नव्हता.

२४/
आणि तोडीचे अर्थशास्त्र पाहा. मजूर मोजला जातो ‘कोयत्या’ने, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर मिळते. मुलाचे लग्न झाले की घरात आणखी एक कोयता, आणखी एक उचल. मुलीला कोपीत एकटे ठेवण्याची भीती, गावात मागे ठेवायला कोणी नाही. या सगळ्यातून लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी उरकले जाई. म्हणजे मी वर ज्याला फट म्हटले, ती या मुलींच्या आयुष्यात उघडलीच नाही. परकरातून साडीत. पंजाबी ड्रेस फार तर साखरपुड्यापर्यंतचे एखादे वर्ष.

२५/
हे भूतकाळातील दुःख म्हणून सोडून देता आले असते तर बरे झाले असते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाल्याचे दिसते. म्हणजे ‘नव्वदच्या पिढी’च्या मुलींच्या वयाच्या या मुली. तेव्हा ‘आपण सगळ्यांनी ते दिवस जगलो’ या वाक्यातील ‘सगळ्यांनी’ या शब्दाला माझी हरकत आहे. अल्बम शहराचा आहे, शिकणाऱ्यांचा आहे, आणि मोठ्या प्रमाणावर मुलांचा आहे. तसे स्पष्ट लिहा आणि मग खुशाल रमा.

२६/
साधने नाहीत, हे कारण कोणी सांगू नये. आपण ती वापरत नाही. प्रत्येक शाळेत दहावीच्या निरोप समारंभाचे समूह-छायाचित्र असते; वर्षागणिक ती ओळीने लावली तर साडी, स्कर्ट आणि ड्रेस यांची संख्या मोजता येते, आणि कोणत्या वर्षी कोणत्या वर्गातून किती मुली गळाल्या हेही दिसते. एसटीच्या पासावरील छोटे छायाचित्र, महाविद्यालयाचे ओळखपत्र, स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यापुढचा फोटो, शिंप्याची मापांची वही, लग्नातील आहेराच्या याद्या. यांतील कोणतेही साधन पुराभिलेखागारात नाही. ती माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांतली काही वाळवी खाते.

२७/
बीड, परळी, अंबाजोगाई, गेवराई, कुठलेही असाल. या सुटीत घरचा अल्बम उघडा. आई, मावशी, आत्या, शेजारच्या खाला यांना विचारा : पहिला ड्रेस कोणत्या वर्षी, कापड कोठून आणले, कोणी शिवला, घरात कोण नको म्हणाले, आणि तो शेवटचा कधी घातला. उत्तर छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने लिहा. शाईने नको, ती पुढे उमटते. वर्ष, गाव, आणि आठवत असेल तर शिवणाऱ्याचे नाव. आणि ज्या घरात असा एकही फोटो नाही, तेथे फोटो का नाही हेही विचारून लिहून ठेवा.